आकाशांतील गुरुत्वभिंगें व त्यांचीं चित्रें

डोळ्यांना जें दिसतें तें तेथेंच आहे व तसेंच आहे, असें धरून चालल्यावांचून मनुष्याचा एक दिवसहि जाणार नाहीं. तरी पण हा विश्वास कधीं कधीं डळमळतो. विहिरीच्या पाण्यांत सोडलेला बांबू पृष्ठभागापाशीं मोडल्यासारखा दिसतो. वैशाखांतील दुपारीं तापलेल्या सडकेवर पुढें पाण्याचें डबकें चकाकत असतें, आणि जवळ जावें तों तें नाहींसें होतें. बांबू मोडलेला नाहीं व सडकेवर पाणी नाहीं, हें जाणत्या मनुष्याला ठाऊक असतें. परंतु जो थोडा अधिक विचार करतो त्याला या फसगतीचा उपयोगहि करून घेतां येतो. प्रकाशाचा किरण वांकला, तर त्याला वांकविणारें कांहींतरी वाटेंत असलेंच पाहिजे. आणि तो किती वांकला यावरून त्या वांकविणाऱ्या वस्तूची माहिती मिळते. आकाशांतहि अशी एक फसगत आहे, आणि तिच्याच आधारानें ज्योतिषशास्त्रज्ञ गेलीं कांहीं दशकें डोळ्यांना कधींहि न दिसणाऱ्या द्रव्याचें वजन करीत आहेत.

११ जुलै २०२२ रोजीं अमेरिकेंत, जेम्स वेब या अवकाशांतील दुर्बिणीनें घेतलेलें एक रंगीत चित्र प्रसिद्ध करण्यांत आलें. हात लांब करून बोटाच्या टोंकावर वाळूचा एक कण धरला, तर तो आकाशाचा जेवढा भाग झांकील तेवढ्याच भागाचें हें चित्र होतें. त्यांत हजारों दीर्घिका आहेत. दीर्घिका म्हणजे आकाशगंगेसारखा, अब्जावधि ताऱ्यांचा एक स्वतंत्र संसार. चित्राच्या मधोमध पांढुरक्या, धुकट अशा दीर्घिकांची गर्दी आहे. आणि त्या गर्दीभोंवतीं, नखानें ओरखडे ओढावे तसे, लहानमोठे वांकडे कंस आहेत. कांहीं तांबूस, कांहीं फिकट. प्रथमच असें चित्र पाहणाऱ्याच्या मनांत साहजिक प्रश्न येतो कीं, हा दुर्बिणीचा दोष तर नव्हे? कीं त्या दीर्घिका खरोखरच धनुष्याप्रमाणें वांकलेल्या आहेत? दोन्ही तर्क चुकीचे आहेत. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं हें खरें. पण तें वाचावें कसें, याची रीत सांगतां येण्यासारखी आहे, आणि ती कळल्यावर असें कोणतेंहि चित्र नवशिक्याला मुकें राहत नाहीं.

त्यासाठीं प्रथम किरण वांकतो कां व किती, हें पाहिलें पाहिजे. सूर्यासारख्या मोठ्या वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाश त्याच्याकडे किंचित् ओढला जाईल, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच निघाली होती. न्यूटनच्या नियमांवर आधारलेल्या त्या गणिताप्रमाणें सूर्याच्या कडेला घांसून येणाऱ्या किरणाचा वांक सुमारें ०.८७ विकला भरतो. एका अंशाचे ६० भाग केले म्हणजे एक कला, आणि कलेचे ६० भाग केले म्हणजे एक विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचें नाणें पांच किलोमीटरांवर ठेवलें, तर तें साधारणपणें एक विकला रुंद दिसेल. १९१५ सालीं आल्बर्ट आइनस्टाइन यांनीं सिद्ध केलेल्या नव्या गुरुत्वाकर्षणाच्या उपपत्तीप्रमाणें द्रव्याच्या सान्निध्यांत अवकाश व काल हेच वक्र होतात आणि प्रकाश त्या वक्र अवकाशांतून शक्य तितक्या सरळ मार्गानें जातो. या गणितानें वांक दुप्पट, म्हणजे १.७५ विकला येतो. २९ मे १९१९ रोजीं खग्रास सूर्यग्रहण होतें. सूर्याचें तेज झांकलें गेल्यामुळें त्याच्या जवळचे तारे दिसण्याची ती दुर्मिळ संधि होती. आर्थर एडिंग्टन पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील प्रिन्सिपे बेटावर गेले व दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथें गेली. दोन्ही ठिकाणच्या छायाचित्रांवरून केलेल्या मापनाचा निकाल ६ नोव्हेंबर १९१९ रोजीं लंडन येथें जाहीर झाला, आणि तो आइनस्टाइन यांच्या बाजूनें लागला.

एकदां किरण वांकतो हें ठरल्यावर, वांकविणारी वस्तु भिंगाचेंहि काम करील, हें ओघानेंच आलें. परंतु हें भिंग घड्याळजीच्या भिंगासारखें नाहीं. काचेच्या बहिर्गोल भिंगांत कडेच्या बाजूचा किरण अधिक वांकतो व मधला सरळ जातो. म्हणूनच सर्व किरण एका बिंदूंत येऊन मिळतात. गुरुत्वाच्या भिंगांत याच्या उलट प्रकार असतो. वस्तुमानाच्या जवळून जाणारा किरण अधिक वांकतो, दुरून जाणारा कमी. त्यामुळें या भिंगाला ठराविक केंद्रबिंदु नसतो आणि त्यांतून रेखीव असें एकच बिंब पडत नाहीं. याचा प्रत्यक्ष प्रयोग घरींहि करण्यासारखा आहे. देठ तुटलेल्या काचेच्या पेल्याची गोल बैठक घ्यावी. ती मध्यें जाड असते व कडेकडे झपाट्यानें पातळ होत जाते. कागदावर शाईचा एक ठिपका काढून तो या बैठकीच्या मध्यांतून पाहिला, तर ठिपका नाहींसा होऊन त्याच्या जागीं एक काळें कंकण दिसतें. बैठक किंचित् बाजूला सरकविली कीं कंकण तुटतें व समोरासमोर दोन कंस उरतात. आणखी सरकविली कीं एक कंस बारीक होत जातो व दुसरा आंखडून पुन्हां ठिपक्यासारखा दिसूं लागतो. वेब दुर्बिणीच्या चित्रांतील सर्व ओरखड्यांचें मूळ या एवढ्याशा खेळांत आहे.

आतां श्रोत्यानें मनांत एक थाळी डोळ्यासमोर उभी धरावी. थाळीच्या मध्यावर एक जड दीर्घिका आहे व तिच्या अगदीं पाठीमागें, पुष्कळ दूर, दुसरी दीर्घिका आहे, अशी कल्पना करावी. मागच्या दीर्घिकेचे किरण सर्व दिशांना पसरतात. त्यांपैकीं जे थाळीच्या कांठावरून जातात तेवढेच नेमके वांकून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत येतात. वरच्या कांठाचा पक्षपात नाहीं, खालच्याचाहि नाहीं. म्हणून डोळ्याला थाळीचा संपूर्ण कांठच प्रकाशमान दिसतो. हेंच आइनस्टाइन-कंकण. आतां मागची दीर्घिका किंचित् उजवीकडे सरकली, असें धरावें. मग उजवीकडे, कांठाच्या थोडा बाहेर, एक मोठा कंस उमटतो व डावीकडे, कांठाच्या आंत, एक लहान बिंब उरतें. ती आणखी सरकली म्हणजे डावीकडील बिंब मावळतें व उजवीकडे केवळ किंचित् ताणलेली दीर्घिका राहते. पुढची दीर्घिका अगदीं गोल नसून अंड्यासारखी लांबट असेल, तर कंकणाऐवजीं पुष्कळदां चार बिंबें चार बाजूंना दिसतात. जॉन हक्रा व त्यांचे सहकारी यांना १९८५ सालीं महाश्व तारकासमूहांत असा एक चौफुला सांपडला. सुमारें ४० कोटि प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेच्या गाभ्याभोंवतीं, सुमारें ८ अब्ज प्रकाशवर्षांवरील एकच क्वेसार चार ठिकाणीं चमकत आहे. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा. या चौफुल्याला आइनस्टाइनचा क्रूस असें नांव पडलें आहे.

गंमत अशी कीं, ज्यांचें नांव या कंकणाला व क्रूसाला मिळालें त्या आइनस्टाइन यांना स्वतःला हें दृश्य कधीं कोणाला दिसेल अशी आशा नव्हती. रूडी मांडल नांवाच्या एका हौशी एंजिनियरानें आग्रह धरल्यामुळें त्यांनीं १९३६ सालीं या विषयावर एक लहानसा लेख प्रसिद्ध केला, आणि त्यांतच, एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या नेमका मागें येऊन असें कंकण प्रत्यक्ष दिसण्याची शक्यता नाहीं, असा अभिप्राय दिला. ताऱ्यांपुरतें त्यांचें म्हणणें त्या काळीं रास्तच होतें. पण पुढच्याच वर्षीं फ्रिट्झ झ्विकी यांनीं निराळा मुद्दा मांडला. तारा सोडून द्या, अब्जावधि सूर्यांच्या वजनाची सबंध दीर्घिका भिंग म्हणून घ्या. मग कंकण मोठें होईल व दिसेलहि. हा तर्क खरा ठरण्यास ४२ वर्षें लागलीं. १९७९ सालीं डेनिस वॉल्श, रॉबर्ट कार्सवेल व रे वायमन यांना सप्तर्षि तारकासमूहांत केवळ ६ विकला अंतरावर दोन क्वेसार आढळले, आणि दोघांचे वर्णपट जुळ्या भावांप्रमाणें सारखे निघाले. तीं दोन भावंडें नव्हतींच; एकच क्वेसार मधल्या दीर्घिकेमुळें दोन ठिकाणीं दिसत होता. पुढें असेंहि आढळलें कीं, एका बिंबांत तेज कमीअधिक झालें, तर तोच बदल दुसऱ्या बिंबांत सुमारें ४१७ दिवसांनीं दिसतो. कारण दोन्ही वाटांची लांबी व वाटेंतील गुरुत्वाकर्षण सारखें नाहीं.

कंसांची हकीकत याहून बोधप्रद आहे. १९८६–८७ च्या सुमारास अमेरिकेंत रॉजर लिंड्स व वाहे पेट्रोसियन यांना, आणि फ्रान्समध्यें जेनेव्हिएव्ह सूकाय व त्यांच्या सहकाऱ्यांना, दीर्घिकांच्या समूहांत प्रचंड निळसर कंस दिसले. त्यांपैकीं एक तिमिंगल तारकासमूहांतील एबेल ३७० या समूहांत होता. हा कंस त्या समूहांतीलच एखादी विलक्षण वस्तु असावी, कीं फार मागील दीर्घिकेचें ताणलेलें बिंब असावें? बोहदान पाचिन्स्की यांनीं दुसरा तर्क सुचविला. परंतु तर्क कितीहि सुंदर असला तरी तो पुरावा होत नाहीं. पुरावा वर्णपटानें दिला. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दूरच्या दीर्घिकेच्या प्रकाशांतील रेषा तांबड्या टोंकाकडे सरकतात. दीर्घिका जितकी दूर तितकी ही ताम्रच्युति अधिक. एबेल ३७० मधील दीर्घिकांची ताम्रच्युति सुमारें ०.३७ आहे. १९८८ सालीं सूकाय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कंसाची ताम्रच्युति मोजून प्रसिद्ध केली, ती सुमारें ०.७२ भरली. म्हणजे समूहाचा प्रकाश सुमारें ४ अब्ज वर्षांपूर्वीं निघालेला, तर कंसाचा ६ अब्ज वर्षांहूनहि पूर्वींचा. कंस समूहांत नव्हता. तो समूहाच्या पुष्कळ मागें होता. वादाचा निकाल लागला.

या इतिहासावरून नवशिक्याला चित्र वाचण्याचा क्रम सहज बसवितां येतो. पहिल्यानें चित्रांतून अवांतर वस्तु वगळाव्या. वेब दुर्बिणीच्या चित्रांत कांहीं तेजस्वी बिंदूंना सहा मोठीं व दोन लहान अशीं किरणांचीं टोंकें फुटलेलीं दिसतात. ते आकाशगंगेंतील जवळचे तारे होत. तीं टोंकें दुर्बिणीच्या षट्कोनी आरशांमुळें व पुढील आरशाला धरणाऱ्या दांड्यांमुळें उमटतात. हबल दुर्बिणींत तीं चार असतात. खरोखर दुर्बिणीचा दोष म्हणावयाचा तर तो हाच. कंसांशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. दुसऱ्यानें भिंग शोधावें. मध्यभागीं लंबवर्तुळाकार, धुकट, एकसारख्या रंगाच्या दीर्घिकांचा घोळका असतो. तेंच भिंग, निदान भिंगाचा दिसणारा भाग. तिसऱ्यानें कंसाची दिशा पाहावी. खऱ्या कंसाची पोकळ बाजू भिंगाकडे असते आणि बैलाच्या मानेभोंवतींच्या घुंगुरमाळेप्रमाणें तो भिंगाला वळसा घालतो. भिंगाकडे टोंक करून उभी असलेली रेघ बहुधा आडवी दिसणारी साधी दीर्घिका असते.

चौथी खूण रंगाची. काचेचा लोलक तांबडा व निळा प्रकाश निरनिराळा वांकवितो, म्हणून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात. गुरुत्वाकर्षण सर्व रंगांना सारखेंच वांकवितें. त्यामुळें एकाच दीर्घिकेचीं दोन किंवा तीन बिंबें चित्रांत कोठेंहि असलीं तरी त्यांचा रंग एकच असतो, आणि पुष्कळदां एक बिंब दुसऱ्याचें आरशांतील प्रतिबिंब वाटावें असें उलटें असतें. वेब दुर्बिणीच्या त्या चित्रांत एक लहानशी लांबट दीर्घिका तीन ठिकाणीं दिसते, आणि तिच्या भोंवतीं ठिणग्यांसारखे बारीक ठिपके आहेत. ते त्या दीर्घिकेंतील ताऱ्यांचे गोलाकार पुंजके असावेत, असें अभ्यासकांना दिसून आलें. भिंगानें बिंब मोठें केलें नसतें, तर इतक्या दूरचे हे पुंजके निरनिराळे दिसलेच नसते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कणकेचा गोळा लाटून पोळी मोठी केली, तर ती पातळ होते. गुरुत्वभिंगांत बिंब ताणलें जातें तरी त्याच्या प्रत्येक भागाची तेजस्विता कमी होत नाहीं. पोळी वाढते, पण पातळ होत नाहीं. म्हणून एकंदर प्रकाश तेवढा अधिक मिळतो. निसर्गानें फुकट दिलेली ही दुर्बीणच म्हणावयाची.

पांचवी व शेवटची खूण वर्णपटाची, आणि ती नसेल तोंवर पहिल्या चारहि खुणांचा निर्णय तात्पुरता मानावा. कारण आकाशांत सोंगें पुष्कळ आहेत. चक्राकार दीर्घिकेची एखादी भुजा कंसासारखी दिसते. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळूं लागल्या म्हणजे ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतात. १९५० सालीं आर्थर होग यांना एक अद्भुत वस्तु आढळली: मध्यें पिवळसर गोळा व त्याभोंवतीं जवळजवळ निर्दोष कंकण. हें गुरुत्वभिंगाचें काम असेल काय, असा प्रश्न त्यांनींच उपस्थित केला होता. परंतु पुढें मोजणी झाली तेव्हां गोळा व कंकण यांची ताम्रच्युति एकच निघाली. कंकण गोळ्याच्या मागें नव्हतें, त्याच्याच भोंवतीं होतें. इतकें हुबेहूब कंकण, पण तें भिंगाचें नव्हे. आकार पाहून मोहून जाणाऱ्याला ही एक वस्तु कायमची ताकीद आहे.

खुणा पटल्या म्हणजे वजन करावयाचें. कंकणाची त्रिज्या ही या तराजूची दांडी होय. अंतरें तीच राहिलीं व त्रिज्या दुप्पट झाली, तर आंतील वस्तुमान चौपट धरावें लागतें. एकट्या दीर्घिकेचें कंकण साधारणपणें एक-दोन विकला त्रिज्येचें असतें. मोठ्या समूहाचें तीस-चाळीस विकलांपर्यंत जातें. अशा मोजणींतून जें निघालें तें अपेक्षेबाहेरचें होतें. समूहांतील सर्व ताऱ्यांचें व दीर्घिकांच्या मधल्या जागेंत भरलेल्या तप्त वायूचें वजन एकत्र केलें तरी तें एकंदर वस्तुमानाच्या पांचव्या हिश्शाच्या आसपासच राहतें. उरलेल्या मोठ्या भागाचा प्रकाश नाहीं, सांवली नाहीं. त्याचें अस्तित्व केवळ त्यानें वांकविलेल्या किरणांवरून व त्याच्या ओढीवरून कळतें. झ्विकी यांनीं १९३३ सालींच दीर्घिकांच्या वेगांवरून अशा अदृश्य द्रव्याची शंका घेतली होती. भिंगांनीं तिला निराळ्या मार्गानें पुष्टि दिली.

यावर शंका घेणारे म्हणत कीं, द्रव्य कमी पडत नसून गुरुत्वाकर्षणाचा नियमच मोठ्या अंतरांवर बदलत असेल. या आक्षेपाची कसोटी २००६ सालीं बुलेट नांवाच्या समूहावर घेण्यांत आली. तेथें दोन समूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेले आहेत. वायु वायूशीं अडला व मागें राहिला. दीर्घिका विरळ असल्यानें पुढें निघून गेल्या. दिसणाऱ्या द्रव्याचा मोठा भाग वायूचाच असल्यामुळें, नियमच बदलत असता तर किरण मुख्यतः वायूपाशीं वांकावयास हवे होते. ते वांकलेले आढळले दीर्घिकांच्या बाजूला. येथें मोठे कंस मोजून भागलें नाहीं. मागच्या असंख्य दीर्घिकांच्या आकारांतील अगदीं बारीक तिरपेपणाची सरासरी काढावी लागली. भाताच्या खाचरांतील एका लोंबीवरून वारा कळत नाहीं, कारण प्रत्येक लोंबी आपल्या परीनें झुकलेली असते. पण सबंध खाचर एका अंगाला कललें असेल, तर वाऱ्याची दिशा कळते. तशांतलाच हा प्रकार. अदृश्य द्रव्य कशाचें बनलें आहे याचा उलगडा अद्यापि झालेला नाहीं. परंतु तें कोठें आहे, हें या रीतीनें दाखवितां आलें.

एखाद्या शास्त्राची खरी परीक्षा घडलेल्या गोष्टीचें कारण सांगण्यांत जितकी आहे, त्याहून अधिक ती न घडलेली गोष्ट आधीं सांगण्यांत आहे. ही परीक्षाहि गुरुत्वभिंगानें दिली आहे. शूर रेफ्सडाल या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं असें सुचविलें होतें कीं, भिंगामागें एखादा तारा स्फोट पावून अतिदीप्त नवतारा झाला, तर त्याचीं निरनिराळीं बिंबें निरनिराळ्या वेळीं दिसतील, आणि त्या वेळांच्या फरकावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढतां येईल. ते २००९ सालीं निवर्तले. नोव्हेंबर २०१४ मध्यें पॅट्रिक केली यांना हबल दुर्बिणीच्या चित्रांत, सिंह तारकासमूहांतील एका दीर्घिकासमूहामध्यें, अशा स्फोटाचीं चार बिंबें एका दीर्घिकेभोंवतीं दिसलीं. स्फोट झालेला तारा ९ अब्ज वर्षांहून अधिक जुन्या प्रकाशांत दिसत होता. त्याला रेफ्सडाल यांचेंच नांव देण्यांत आलें. ज्या दीर्घिकेंत तो तारा होता तिचीं आणखी बिंबें त्याच चित्रांत इतरत्र होतीं. निरनिराळ्या गटांनीं समूहांतील दृश्य व अदृश्य द्रव्याचा नकाशा मांडून गणित केलें आणि आगाऊ जाहीर केलें कीं, त्यांपैकीं एका ठराविक बिंबांत हाच स्फोट लवकरच पुन्हां दिसेल. हबल दुर्बीण त्या जागेकडे वारंवार वळविण्यांत येऊं लागली. ११ डिसेंबर २०१५ रोजीं, सांगितलेल्या जागीं, तो ठिपका उमटला. दूरच्या ताऱ्याचा मृत्यु आगाऊ सांगून पाहिला गेल्याचा हा पहिलाच प्रसंग होय. तारा अर्थातच एकदांच मेला होता. त्याची बातमी मात्र लांबच्या वाटेनें उशिरा आली.

किती उशिरा, हें पुढें काटेकोरपणें मोजलें गेलें: पहिल्या बिंबांच्या मानानें सुमारें ३७६ दिवस. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या गणितानें या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढला. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागें सेकंदाला सुमारें ६५ ते ६७ किलोमीटर, असें तें उत्तर आहे. या आंकड्याला महत्त्व अशासाठीं कीं, विश्वाच्या बाल्यावस्थेंतील प्रारणावरून हा वेग सुमारें ६७ येतो आणि जवळच्या दीर्घिकांतील ताऱ्यांवरून सुमारें ७३ येतो. दोन्ही रीति काळजीपूर्वक वापरलेल्या आहेत आणि तरी त्या जुळत नाहींत. रेफ्सडाल ताऱ्याचें उत्तर लहान आंकड्याकडे झुकतें. पण त्यांत चार-पांच किलोमीटरांची अनिश्चितता असल्यामुळें एकट्या साक्षीवर निवाडा देतां येत नाहीं. अशा आणखी साक्षी पाहिजेत, म्हणजेच आणखी भिंगें सांपडलीं पाहिजेत.

हीं भिंगें शोधण्यांत नवशिक्यालाहि वांटा उचलतां येतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ सालीं फिल मार्शल, अपराजिता वर्मा व पुढें पुण्याच्या आयुका संस्थेंत काम करणाऱ्या अनुप्रीता मोरे यांनीं ‘स्पेस वॉर्प्स’ नांवाचा उपक्रम सुरू केला. हवाई बेटावरील एका दुर्बिणीनें घेतलेल्या सुमारें ४ लक्ष ३० हजार चित्रांचे तुकडे सर्वसामान्य लोकांपुढें ठेवण्यांत आले. पाहणाऱ्यांची नजर तयार व्हावी म्हणून मधून मधून कृत्रिम कंस घातलेलीं चित्रेंहि त्यांत मिसळलीं होतीं. तो कंस ओळखला कीं शाबासकी, चुकला कीं सूचना. सुमारें ३७ हजार लोकांनीं हें काम केलें. त्यांत ज्योतिषाचें शिक्षण नसलेलेच बहुसंख्य होते. यंत्रगणकांनीं तींच चित्रें आधीं चाळलीं होतीं, तरी त्यांच्या नजरेंतून सुटलेले २९ नवे संभाव्य भिंगांचे नमुने या लोकांनीं हुडकून काढले.

जुलै २०२३ मध्यें अवकाशांत गेलेल्या युक्लिड दुर्बिणीनें तर अगदीं दाराशींच एक कंकण दाखविलें. एन्‌जीसी ६५०५ ही दीर्घिका १८८४ सालापासून ज्योतिषांच्या याद्यांत आहे. ५९ कोटि प्रकाशवर्षें हें तिचें अंतर दीर्घिकांच्या हिशेबांत शेजारचेंच होय. युक्लिडच्या चांचणीच्या चित्रांत तिच्या गाभ्याभोंवतीं एक संपूर्ण आइनस्टाइन-कंकण आढळलें. तें मागील, ४.४२ अब्ज प्रकाशवर्षांवरील, आजवर नांवहि नसलेल्या एका दीर्घिकेचें होतें. फेब्रुवारी २०२५ मध्यें ही वार्ता प्रसिद्ध झाली. जवळजवळ १४० वर्षें ती दीर्घिका माहीत होती व तिच्याभोंवतींचें कंकण माहीत नव्हतें.

यापुढें वेब दुर्बिणीचें तें चित्र पुन्हां हातीं आलें, तर पाहणाऱ्यानें घाई करूं नये. टोंकदार तारे बाजूला सारावे, मधला धुकट घोळका पाहावा, त्याला वळसा घालणाऱ्या कंसांवरून हळूहळू बोट फिरवावें, आणि एकाच रंगाचीं जोडबिंबें शोधावीं. प्रत्येक कंस दोन साक्षी एकदम देत असतो: मागची दीर्घिका कशी आहे याची एक, आणि पुढच्या अंधारांत किती वजन लपलें आहे याची दुसरी. विहिरींतील बांबू सरळ आहे हें ज्याला कळलें, त्याला पाण्याचाहि गुण कळला. आकाशांतील या वांकड्या रेघांचेंहि तसेंच आहे.